तातडीच्या अडचणीसाठी तज्ज्ञांचे लहान पथक कसे उभारावे

व्यवसायावर अचानक मोठी अडचण आली, की बहुतेक ठिकाणी पहिली हालचाल होते ती सर्वांना बैठकीला बोलावण्याची. विषयाशी ज्यांचा ज्यांचा संबंध येऊ शकतो ते सगळे विभागप्रमुख येतात, त्यांचे सहायक येतात, कायदा विभागातून कोणी येते, आणि कोणाला डावलल्यासारखे वाटू नये म्हणून आणखी काही जणांना निरोप जातो. प्रत्येक जण आपल्या विभागाची बाजू मांडतो आणि काही चांगल्या सूचनाही पुढे येतात. परंतु त्यांपैकी कोणती सूचना आजच अमलात आणायची आणि ती कोणी आणायची, हे न ठरताच वेळ संपते. तिकडे ग्राहकांच्या तक्रारी वाढत असतात, माल अडकून पडलेला असतो किंवा तासागणिक पैसा जात असतो.

यावरचा एक जुना आणि अनेकदा कसाला उतरलेला उपाय म्हणजे तज्ज्ञांचे लहान पथक. पाच-सात जाणकार माणसे निवडायची, त्यांना रोजच्या कामांतून पूर्णपणे मोकळे करायचे, त्यांच्यापुढे एकच प्रश्न ठेवायचा, त्यांच्यावर एकच प्रमुख नेमायचा आणि मुदत ठरवून द्यायची. अंतराळ आणि विमान उद्योगात अशा पथकाला ‘टायगर टीम’ म्हणतात. इतर ठिकाणी कोणी त्याला कृतिगट म्हणते, कोणी विशेष पथक. हे सगळे ऐकायला इतके सोपे असूनही अशी पथके अनेकदा निष्फळ ठरतात, आणि माझ्या मते त्याचे कारण तज्ज्ञांची उणीव हे क्वचितच असते. जाणकार माणसे एका दिवसात गोळा करता येतात. त्यांच्या हाती निर्णय सोपवताना मात्र वरिष्ठांचा हात आखडतो. पथकाचा आकार, त्यातील माणसांची निवड, त्याची कामाची पद्धत या सगळ्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, परंतु निर्णयाचा अधिकार नसेल तर त्या सगळ्यांचा मिळून एक चांगला अहवाल तयार होतो, अडचण सुटत नाही.

लहानच का?

पथक लहान असावे हा आग्रह साध्या गणितावर उभा आहे. पाच माणसे एकत्र काम करत असतील, तर त्यांच्यात एकमेकांशी बोलण्याच्या दहा जोड्या होतात. माणसे आठ झाली, की जोड्या अठ्ठावीस होतात, आणि पंधरा झाली, की एकशे पाच. यांतल्या प्रत्येक जोडीत माहिती पोहोचायची राहू शकते किंवा चुकीची पोहोचू शकते. माणसे तिप्पट झाली तेव्हा काम करणारे हात तिप्पट झाले, पण एकमेकांना सांगत बसण्याचा व्याप दहापटींहून अधिक वाढला. शांत काळात हा व्याप झेपतो, कारण त्यासाठी ठरलेल्या बैठका आणि ठरलेले अहवाल असतात. तातडीच्या वेळी परिस्थिती तासातासाला बदलते, आणि तेव्हा सगळ्यांना सगळे सांगत राहणे हेच मुख्य काम होऊन बसते.

दुसरे कारण माणसाच्या स्वभावातले आहे. फ्रान्समधील कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमन यांनी दोर ओढणाऱ्या माणसांवर प्रयोग करून १९१३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकटा माणूस जितका जोर लावतो, तितका तो समूहात लावत नाही, आणि आठ जणांच्या समूहात प्रत्येकाच्या वाट्याचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो, असे त्यांना आढळले. याचा काही भाग सगळ्यांचा जोर एकाच क्षणी न लागल्यामुळे होता, तर काही भाग ‘इतर जण आहेतच’ या भावनेमुळे. बैठकीच्या खोलीतही हेच घडते. वीस जणांसमोर एखादी शंका मांडली गेली, तर ती तपासायची जबाबदारी आपली आहे असे कोणालाच वाटत नाही. चौघांसमोर मांडली, तर ती कोणी ना कोणी लगेच उचलतो.

आयबीएममध्ये मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये मांडलेले निरीक्षण या संदर्भात फार उपयोगी आहे. आधीच उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात आणखी माणसे घातली, की त्याला आणखी उशीर होतो, असे त्यांचे म्हणणे होते. नव्याने आलेल्यांना परिस्थिती समजावून सांगावी लागते, आणि ती समजावून सांगू शकणारी माणसे नेमकी तीच असतात, जी प्रत्यक्ष काम पुढे नेत असतात. संकटाच्या तिसऱ्या दिवशी वरिष्ठांनी चांगल्या हेतूने पाठवलेले दहा मदतनीस पथकाचा चौथा दिवस खाऊन टाकतात, ते यामुळेच.

आपत्तीशी रोजचा संबंध असलेल्या क्षेत्रांनी हे फार आधी ओळखले. कॅलिफोर्नियात १९७० मध्ये लागलेल्या भीषण वणव्यांनंतर तिथल्या अग्निशमन यंत्रणांनी घटना हाताळण्याची जी एकसारखी पद्धत विकसित केली, तिच्यात एका प्रमुखाच्या थेट हाताखाली तीन ते सात माणसे असावीत आणि शक्यतो पाच असावीत, असा दंडक आहे. माणसे त्याहून जास्त लागली, तर पथक फुगवायचे नाही. नवे उपपथक करायचे आणि त्याला स्वतंत्र प्रमुख द्यायचा.

इथे एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. जे काम एकमेकांशी फारसे न बोलता तुकड्यांत वाटता येते, तिथे जास्त माणसे खरोखरच उपयोगी पडतात. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधील आयसिन सेकी या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या जवळजवळ सर्व गाड्यांना लागणारा ब्रेकमधील एक छोटा व्हॉल्व्ह तिथेच बनत असे, आणि साठा अगदी थोडा असल्यामुळे काही दिवसांतच टोयोटाचे गाड्यांचे उत्पादन थांबले. त्या वेळी अनेक लहान-मोठ्या पुरवठादार कंपन्यांनी आराखडे मागवून घेतले आणि आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला, त्यामुळे साधारण आठवड्याभरात उत्पादन पुन्हा मार्गी लागू लागले. इथे काय बनवायचे हे स्पष्ट होते. फक्त ते बनवणारे हात हवे होते. लहान पथकाची खरी गरज असते ती काय करायचे हेच कळलेले नसते तेव्हा.

प्रश्न नेमका कोणता?

पथकाच्या हाती दिला जाणारा प्रश्न एका वाक्यात लिहिता आला पाहिजे, आणि त्या वाक्यात मोजता येईल असे काही असले पाहिजे. ‘ग्राहक नाराज आहेत, काहीतरी करा’ हा प्रश्न नव्हे. ‘गेल्या तीन आठवड्यांत परत येणाऱ्या मालाचे प्रमाण दुप्पट झाले आहे, ते कोणत्या टप्प्यावर बिघडते हे शोधून ते पूर्ववत करा’ हा प्रश्न आहे, कारण तो सुटला की नाही हे नंतर कोणालाही तपासता येते. अनेकदा हे वाक्य लिहायला बसल्यावरच लक्षात येते, की वरिष्ठांच्या मनात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला आपलाच प्रश्न मुख्य वाटतो. हा मतभेद पथक नेमण्यापूर्वीच मिटवला पाहिजे, कारण तो मिटवण्याचा अधिकार पथकाकडे नसतो.

प्रश्न एकाहून अधिक असतील, तर त्यांचा क्रम लावून द्यावा लागतो. १९८२ च्या सप्टेंबरअखेरीस शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळल्यामुळे सात जणांचा मृत्यू झाला. जॉन्सन अँड जॉन्सनचे प्रमुख जेम्स बर्क यांनी सात जणांचे पथक नेमले आणि त्याच्यापुढे दोन प्रश्न ठेवले. लोकांना कसे वाचवायचे हा पहिला, आणि हे उत्पादन कसे वाचवायचे हा दुसरा. क्रम ठरलेला असल्यामुळे पुढचे निर्णय तुलनेने लवकर झाले. कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, ज्यांची किंमत १० कोटी डॉलरहून अधिक होती, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, उघडल्यास लगेच कळेल अशा तिहेरी सीलबंद वेष्टनात औषध पुन्हा बाजारात आणण्याची घोषणा केली. बाटल्या परत मागवाव्यात की नाही, यावर खर्चाच्या अंगाने आठवडाभर वाद घालता आला असता. पहिला प्रश्न कोणता हे आधीच सांगितलेले होते, म्हणून त्या वादाला जागा उरली नाही.

प्रत्येक तातडीच्या कामाला पथक लागतेच असे नाही, हेही सांगायला हवे. उपाय माहीत असेल आणि फक्त तो राबवायचा असेल, तर तो संबंधित विभागाने राबवावा. दोन विभागप्रमुखांचे जमत नाही म्हणून काम अडले असेल, तर ते त्यांच्या वरिष्ठाने सोडवावे. तिथे पथक नेमणे म्हणजे एक कटू निर्णय टाळण्यासाठी सहा चांगल्या माणसांचा वेळ घालवणे होय.

माणसे कोणती घ्यावीत?

निवडीत सर्वांत मोठी चूक होते ती हुद्द्यावरून माणसे निवडण्याची. प्रत्येक विभागाचा प्रतिनिधी हवा म्हणून विभागप्रमुखच येतात, आणि मग प्रत्येक तपशिलासाठी त्यांना खाली फोन करून विचारावे लागते. पथकात तो माणूस हवा, ज्याला तो फोन जातो. असा माणूस ओळखण्याचा एक साधा मार्ग आहे. संबंधित विभागातील तीन-चार जणांना वेगवेगळे विचारावे, की ही गोष्ट रात्री बिघडली तर तुम्ही कोणाला उठवाल? जे नाव पुन्हा पुन्हा येईल ते घ्यावे, मग त्या व्यक्तीचा हुद्दा काहीही असो.

तज्ज्ञ निवडताना प्रश्नाच्या वाटेवरचे सगळे टप्पे डोळ्यांसमोर ठेवावेत. माल बिघडतो आहे, तर तो बनवणारा, तपासणारा, साठवणारा आणि पोहोचवणारा या प्रत्येक टप्प्याची आतून माहिती असलेले कोणीतरी हवे. ग्राहकाशी रोज बोलणारी एक व्यक्तीही हवी. तक्रारी नोंदवून घेणाऱ्यांकडे असलेली माहिती वरपर्यंत पोहोचेतो आकड्यांत बदललेली असते, आणि त्या बदलात नेमका उपयोगी तपशील गळून पडतो. याखेरीज विषयाबाहेरची, पण विचारांना स्वच्छ अशी एक व्यक्ती असेल तर फार बरे; ‘हे असेच का करतात?’ हा प्रश्न आतल्या माणसांना सुचत नाही, आणि कित्येकदा खरे कारण त्याच प्रश्नाच्या उत्तरात असते.

स्वभावाकडेही पाहावे लागते. ‘मला माहीत नाही’ असे सरळ म्हणू शकणारा तज्ज्ञ तातडीच्या कामात सर्वांत मोलाचा असतो, कारण त्याच्या ‘मला माहीत आहे’ या शब्दांवर इतरांना विसंबून राहता येते. विषयात कितीही पारंगत असला तरी प्रत्येक चर्चेत स्वतःचेच खरे करणारा माणूस लहान पथकात फार महाग पडतो. मोठ्या विभागात त्याच्यापासून लांब राहता येते, पाच जणांत ते शक्य नसते.

आणि निवडलेल्यांना पूर्ण वेळ मोकळे करावे. अर्धा दिवस इकडे आणि अर्धा दिवस नेहमीच्या कामावर, ही तडजोड सगळीकडे सुचवली जाते आणि ती टिकत नाही, कारण रोजच्या कामाचा ओढा नेहमीच जास्त असतो. चांगली माणसे आधीच कामात गुंतलेली असतात, तेव्हा त्यांना मोकळे करायचे तर कोणते काम थांबवायचे किंवा पुढे ढकलायचे हे वरिष्ठांनी स्वतः ठरवून जाहीर केले पाहिजे. तो भार त्या माणसावर टाकू नये.

अधिकार: जिथे बहुतेक पथके अडतात

अमेरिकेतील लॉकहीड कंपनीत केली जॉन्सन यांनी १९४३ मध्ये एका लहान, वेगळ्या बसवलेल्या गटाकडून एक्सपी-८० या जेट लढाऊ विमानाचा नमुना १४३ दिवसांत तयार करून घेतला. त्यासाठी ठरलेली मुदत १५० दिवसांची होती. पुढे ‘स्कंक वर्क्स’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या विभागासाठी जॉन्सन यांनी काही नियम घालून दिले. त्यांतला पहिलाच नियम असा, की प्रकल्पप्रमुखाकडे कामाचा जवळजवळ संपूर्ण ताबा असावा आणि तो थेट विभागाच्या अध्यक्षाला किंवा त्याहून वरच्या व्यक्तीला उत्तरदायी असावा. प्रकल्पाशी संबंध असणाऱ्यांची संख्या अत्यंत कठोरपणे मर्यादित ठेवावी, एरवीच्या तुलनेत १० ते २५ टक्के माणसे पुरेत, असेही त्यांनी लिहून ठेवले. लहान संख्येच्या नियमाची वाहवा सगळीकडे होते. ताब्याचा नियम मात्र अनेक कंपन्या सोयीस्करपणे विसरतात, आणि त्याच्याशिवाय संख्येच्या नियमाचा फारसा उपयोग नसतो.

अधिकार म्हणजे प्रत्यक्षात काय, हे आधीच लिहून ठरवावे लागते. पथकप्रमुख कोणाला न विचारता किती खर्च करू शकतो? एखादे यंत्र, विक्री किंवा सेवा तो थांबवू शकतो का? कोणत्याही विभागाची कागदपत्रे आणि आकडे तो थेट मागवू शकतो का? त्याने सांगितलेले काम एखाद्या विभागाने नाकारले, तर तो कोणाकडे जाईल आणि त्याला किती वेळात उत्तर मिळेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘व्यवस्थापकीय संचालकांकडे, तासाभरात’ असे असेल, तर तिथपर्यंत जाण्याची वेळ बहुधा येतच नाही. तसे उत्तर नसेल, तर पथकातील सर्वोत्तम माणसांचा दिवस परवानग्या मिळवण्यात जातो.

हे किती खोलवर लागू होते, ते अमेरिकेच्या अपोलो १३ या चंद्रमोहिमेत दिसते. १३ एप्रिल १९७० रोजी पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरहून अधिक अंतरावर असताना या यानातील प्राणवायूची एक टाकी फुटली. त्या वेळी पाळीवर असलेले उड्डाणसंचालक जीन क्रान्झ यांनी आपल्या गटाला नियंत्रण कक्षातील नेहमीच्या पाळ्यांमधून बाहेर काढले आणि फक्त परतीच्या प्रश्नांवर बसवले. यान चालवण्याचे रोजचे काम इतर तीन गटांनी वाटून घेतले. परतीच्या प्रवासात वीज हा सर्वांत दुर्मीळ साठा होता, आणि प्रत्येक प्रणालीच्या तज्ज्ञाला आपली प्रणाली चालू राहावी असे वाटणे साहजिकच होते. क्रान्झ यांनी विजेचा संपूर्ण हिशेब जॉन ॲरन या तरुण अभियंत्याच्या हाती दिला. कोणती यंत्रणा केव्हा चालू करायची, हा निर्णय एका जाणकाराकडे गेला आणि इतर तज्ज्ञांचे काम त्याला माहिती पुरवण्याचे झाले. थंड पडलेले यान पुन्हा सुरू करण्याची जी कार्यपद्धती तयार करायला एरवी महिने लागतात, ती या गटाने काही दिवसांत लिहून काढली आणि १७ एप्रिलला तिघे अंतराळवीर सुखरूप परतले.

त्याच मोहिमेतील दुसरा प्रश्न जवळून पाहण्यासारखा आहे. मुख्य यान निकामी झाल्यावर अंतराळवीरांनी ज्यात आसरा घेतला, ते चंद्रावर उतरण्यासाठी सोबत नेलेले छोटे चांद्रयान दोन माणसांसाठी बनवलेले होते. त्यात तिघे जण राहू लागल्यामुळे श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड साचू लागला. तो शोषून घेणारे डबे मुख्य यानात भरपूर होते, पण ते चौकोनी होते आणि चांद्रयानातील खाचा गोल होत्या. जमिनीवर एड स्मायली यांच्या गटाने स्वतःवर एक कडक अट घालून घेतली, ती म्हणजे यानात जे प्रत्यक्ष आहे तेवढेच वापरायचे. प्लास्टिकच्या पिशव्या, पुस्तिकांचे पुठ्ठ्याचे वेष्टन, अंतराळपोशाखाची नळी आणि चिकटपट्टी यांतून त्यांनी जोडणी तयार केली, ती जमिनीवर तपासली, आणि मग ती बनवण्याच्या सूचना रेडिओवरून एकेक करत वर वाचून दाखवल्या. प्रश्न स्पष्ट, मर्यादा स्पष्ट, काम करणारे थोडे आणि त्यांच्या उत्तरावर लगेच अंमल. अशा पथकाकडून याहून अधिक काही अपेक्षित नसते.

अधिकाराची दुसरी बाजू म्हणजे खोलीत कोणाच्या शब्दाला वजन आहे. १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालेले अमेरिकी सरकारचे आरोग्यविम्याचे संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडले. त्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. काम अनेक कंत्राटदारांत विभागलेले होते आणि दोष कोणाचा यावर बोट दाखवणे चालू होते. मदतीला आलेल्या लहान गटातील मिकी डिकरसन यांनी रोजच्या बैठकांसाठी तीन नियम लावले. बैठक प्रश्न सोडवण्यासाठी आहे, दोष ढकलण्यासाठी दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत. बोलेल तो ज्याला विषयाची सर्वांत जास्त माहिती आहे, ज्याचा हुद्दा सर्वांत मोठा आहे तो नव्हे. आणि पुढच्या २४ ते ४८ तासांत जे दुखणार आहे, त्यावरच लक्ष ठेवायचे. संकेतस्थळाची स्थिती एका नजरेत दाखवणारा डॅशबोर्डसुद्धा तिथे नव्हता, तो या गटाने आल्या आल्या उभा केला. वारंवार लागणारी माहिती दर वेळी मूळ साठ्यातून न आणता जवळ ठेवण्यासारख्या, अभियंत्यांना परिचित असलेल्या सुधारणांनी पाने उघडण्याचा वेळ कितीतरी कमी झाला, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला संकेतस्थळ वापरण्याजोगे झाले. त्या सुधारणा कोणालाच माहीत नव्हत्या असे नाही. त्या माहीत असलेल्या माणसाला बोलू देणारी आणि त्याचे ऐकून लगेच कृती करणारी बैठक त्यापूर्वी नव्हती.

काम सुरू झाल्यावर

पहिले काही तास सर्वांत निर्णायक असतात, म्हणून त्यांचा क्रम नीट समजून घेऊ. समजा, एका कंपनीच्या काही ग्राहकांच्या खात्यांतून एकाच खरेदीचे पैसे दोनदा कापले जात आहेत. पथक बसल्यावर पहिला प्रश्न ‘असे का होते आहे’ हा नसून ‘ते आत्ता थांबवता येईल का’ हा आहे. पैसे घेण्याचे काम तात्पुरते बंद ठेवणे किंवा दुसऱ्यांदा आलेली मागणी हाताने तपासल्याशिवाय पुढे न जाऊ देणे, असा काही उपाय आधी लागू करावा. नुकसान थांबले, की कारण शोधायला डोके शांत राहते. त्यानंतर फळ्यावर तीन रकाने आखावेत: जे आपण स्वतः पाहिले आहे ते, जे आपण गृहीत धरतो आहोत ते, आणि जे माहीत नाही ते. ‘हे मागच्या मंगळवारपासून सुरू झाले’ हे वाक्य पहिल्या रकान्यात लिहायला कोणी उठले, तर त्याला विचारावे, की हे नोंदींत पाहिले की कोणी सांगितले? बहुधा पहिल्या रकान्यातल्या अनेक गोष्टी अशा विचारणेनंतर दुसऱ्या रकान्यात जातात. मग प्रत्येक गृहीतक तपासायला एक नाव आणि एक वेळ लावावी. ‘दुपारी दोनपर्यंत, मंगळवारच्या आधीच्या नोंदी’, इतके नेमके.

कोणताही बदल करण्यापूर्वी तो मागे कसा घ्यायचा हे ठरलेले असावे, आणि एका वेळी एकच बदल करावा. याची किंमत नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी मोजली. तिचे नवे सॉफ्टवेअर आठपैकी सात सर्व्हरवर नीट बसवले गेले होते आणि आठव्यावर बसवायचे राहून गेले होते. त्या आठव्या सर्व्हरवरील जुन्या कोडने बाजार उघडताच चुकीच्या खरेदी-विक्रीचा सपाटा लावला. गडबडीत नवे सॉफ्टवेअरच दोषी समजून ते ज्या सात सर्व्हरवर बरोबर होते तिथूनही काढून टाकले गेले, आणि तोच जुना कोड तिथेही चालू लागला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. आठवा सर्व्हर वेगळा आहे का, हे आधी पाहिले गेले असते, तर उलटा उपाय झाला नसता.

बाहेरच्या जगाशी बोलण्याचे काम पथकातील एकाच व्यक्तीकडे असावे, आणि ती व्यक्ती पथकप्रमुख नसावी. वरिष्ठांना ठरलेल्या वेळी, दिवसातून दोनदा म्हणा, चार ओळींची माहिती मिळाली, की ते मधल्या वेळात फोन करत नाहीत. ही एक व्यवस्था नसल्यामुळे मी पाहिलेल्या कित्येक चांगल्या पथकांचा निम्मा वेळ ‘काय झाले, कुठवर आले’ याची उत्तरे देण्यात गेला आहे. दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे झोप. सलग जागलेला माणूस चूक करतो आणि ती त्याच्या लक्षातही येत नाही, म्हणून काम दोन दिवसांहून लांबणार असे दिसताच पाळ्या लावाव्यात आणि पाळी बदलताना फळ्यासमोर उभे राहून जबाबदारी सोपवावी. घेतलेल्या निर्णयांची वेळेसह नोंद ठेवणारी व्यक्ती पहिल्या तासापासूनच हवी. नंतर आठवून लिहिलेल्या नोंदींवर कोणाचेच एकमत होत नाही.

पथक संपवणे

पथक कधी विसर्जित करायचे हे ते नेमतानाच लिहून ठेवावे. प्रश्नाच्या वाक्यात मोजता येईल असे जे काही होते, ते ठरल्या पातळीवर आले आणि ठरलेले दिवस टिकले, की पथक संपले. मुदत संपूनही प्रश्न सुटला नसेल, तर मुदत आपोआप वाढू देऊ नये. प्रश्न चुकीचा होता, माणसे कमी पडली की अधिकार अपुरा होता, हे वरिष्ठांनी पथकासोबत बसून तपासावे आणि मगच नवा निर्णय घ्यावा. यशस्वी पथकाला तसेच चालू ठेवण्याचा मोह मोठा असतो, कारण त्याच्याकडून कामे पटापट होतात. पण ते कायम झाले, की मूळ विभाग अवघड प्रश्न त्याच्याकडे ढकलून मोकळे होतात आणि काही महिन्यांत ते पथकच आणखी एक विभाग होऊन बसते.

जाण्यापूर्वी पथकाने तात्पुरता उपाय आणि कायमचा उपाय वेगळे लिहून द्यावेत. दोनदा पैसे कापले जाण्याच्या उदाहरणात, हाताने तपासणी लावणे हा तात्पुरता उपाय आहे. ती तपासणी कोण किती दिवस करणार आणि मूळ दोष कोण केव्हा दुरुस्त करणार, हे नावानिशी ठरले नाही, तर वर्षभरानंतरही कोणीतरी त्या नोंदी हातानेच तपासत बसलेले असते. मूळ विभागातील एक-दोन माणसे शेवटचे काही दिवस पथकासोबत बसली, तर हस्तांतरण कागदापुरते राहत नाही. घटनेचा आढावा घेताना कोणाचे चुकले यापेक्षा ती चूक होऊ देणारी व्यवस्था कोणती, हे विचारावे. शिक्षेची भीती असेल, तर पुढच्या वेळी फळ्यावरच्या पहिल्या रकान्यात खरे लिहायला कोणी पुढे येणार नाही.

पथकातील माणसे मूळ जागी परततात तेव्हा त्यांचे पुढे ढकललेले काम त्यांची वाट पाहत असते, आणि वर्षाच्या मूल्यमापनात त्याच कामाची उद्दिष्टे अपुरी दिसतात. ज्या वरिष्ठाने त्यांना मोकळे केले, त्यानेच ती उद्दिष्टे पथक नेमल्याच्या दिवशी लेखी बदलून द्यावीत आणि पथकातील कामाची नोंद मूल्यमापनात स्वतंत्रपणे करावी. हे ज्या कंपन्यांत होत नाही, तिथे पुढच्या अडचणीच्या वेळी सर्वांत जाणकार माणसे मोकळी नसल्याचे सांगतात, आणि पथकासाठी मिळतात ती ज्यांच्यावाचून कोणाचे अडत नाही अशी.